पंचवीस मिनिटं मागे असलेली दोन गावं

हिवरणी आणि पळसोडी. मधे तलाव. या काठावरून हाक मारली तर त्या काठाला पोचते, पण हाक मारणार कोण? दोन्ही गावांना एकमेकांचं पिढीजात वावडं. हिवरणीत जिनिंग, पळसोडीत सूतगिरणी. हिवरणीनं कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या, पळसोडीनं त्याच गाठी फोडून सूत काढायचं, आणि दोघांनीही छाती फुगवून सांगायचं की या भागात कारखाना आणला तो आम्हीच. तलाव एकच. तरी हिवरणीवाले म्हणणार, आमच्या काठचं पाणी गोड, त्यांच्या काठच्या पाण्यात डाळ शिजत नाही. पळसोडीत जा, तर तिथं नेमकं हेच ऐका, फक्त गावाचं नाव बदलून. अहो, पाण्याला काय कुंपण घातलंय? पण सांगायचं कुणाला!

दोन्ही कारखाने बंद पडून आता वीस-बावीस वर्षं झाली. जिनिंगच्या आवारात बाभळी माजल्या, सूतगिरणीच्या शेडमध्ये पारव्यांनी संसार थाटले. भांडायला काही उरलं नाही असं वाटत असतानाच वरून हुकूम आला: दोन्ही गावांची मिळून एकच नगर परिषद. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, बाग होणार, बाकं बसणार आणि दोन्ही गावांचा सामाईक इतिहास सांगणारी एक पुस्तिका निघणार. 'सामाईक' हा शब्द वाचूनच दोन्ही काठांना आग लागली.

पुस्तिकेचं काम आलं उज्ज्वला राठोडच्या गळ्यात. ती शाळेत इतिहास शिकवायची, आणि तिचे वडील देवसिंग हे पाळीवरच्या फाट्यावर बस स्टँडचे कंट्रोलर होते. म्हणजे ना धड या काठाचे, ना त्या. तिनं मोठी वही घेतली, पानाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडं हिवरणी लिहिलं, उजवीकडं पळसोडी. आठ दिवसांत तिच्या लक्षात आलं की दोन्हीकडं एकच मजकूर भरतोय. संप दोन्हीकडं एकाच साली. टाळं लागलं ते महिन्याच्या अंतरानं. मधली रेघ तिला उगाचच मारल्यासारखी वाटायला लागली.

अशीच फिरत फिरत ती एका शुक्रवारी उकंडाकडं आली.

उकंडा शहात्तर वर्षांचा. जिनिंगमध्ये बॉयलर सांभाळायचा आणि भोंगा वाजवायचा. वाफेचा भोंगा, सकाळी आठच्या ठोक्याला. त्या आवाजानं हिवरणीच्या चुली पेटायच्या, पोरं शाळेच्या वाटेला लागायची. भोंगा गप्प झाला, तरी म्हातारा रोज सकाळी पाळीवरच्या कडुनिंबाखाली येऊन बसायचा. डोळे अर्धे मिटलेले, धड जागा नाही, धड झोपेत नाही. त्याला दिसायचं ते सगळं जुनं: हंगामातली पांढरी हवा, जिनिंगच्या धुराड्याभोवती उडणारी रुई, ती हळूहळू तरंगत तलावावर उतरायची, आणि पळसोडीचा काठ त्या पांढऱ्यात विरघळून जायचा. दोन गावं आहेत की एकच, हे त्या घटकेला कळत नसे. सून म्हणायची, बाबा उन्हात बसून सपनं पाहतात. पाहतो तर पाहतो! कुणाच्या बापाचं काय जातं?

पण त्या आठवड्यात म्हाताऱ्याला सपनंही सुखानं पडत नव्हती. बुधवारी चंदाबाई मासळीवाली आली. ही बाई डोंग्यातून दोन्ही काठांना मासे विकते आणि मासे तोलता तोलता बातम्या वाटते. ती म्हणाली, "उकंडाभाऊ, तुमचा परफुल चालला नाशिकले. पोरीकडं. कायमचा. आइतवारी सकाळी गाडी येऊन राह्यली."

"मले भाऊ नाई," उकंडा म्हणाला. तेहतीस वर्षं तो हे वाक्य म्हणत होता, ते तोंडात आपोआप यायचं.

"बरं नाई तं नाई," चंदाबाई म्हणाली, "मासे घेता का थे सांगा."

त्यानं मासे घेतले नाहीत. त्या दिवशी जेवलाही नाही. प्रफुल्ल त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. हाताला धरून त्यानंच त्याला पोहायला शिकवलं होतं, याच तलावात. पुढं प्रफुल्ल पळसोडीच्या सूतगिरणीत लागला आणि नशिबाचा खेळ बघा, त्याच्याही वाट्याला भोंगाच आला. विजेचा भोंगा, दुपारी बाराला. दोन काठांवर दोन भाऊ, एक सकाळ वाजवणार, एक दुपार. आणि तरी तेहतीस वर्षं बोलणं नाही. आता रविवारी तो गेला की संपलं. नाशिक काही हाकेच्या अंतरावर नाही, आणि या वयात कोण कुणाला परत भेटतंय? उकंडाला हे पक्कं ठाऊक होतं. जावं, असं पोटातून वाटत होतं. पण कसं जावं? वाईट वागला तो प्रफुल्ल. मग यानं काहून जावं?

काय वाईट वागला, तेही सांगायला हवं. त्यांची माय तुळसाबाई प्रफुल्लकडं होती. एक्क्याण्णव सालच्या मार्चमध्ये ती पहाटे गेली. निरोप घेऊन माणूस जिनिंगवर पोचला तोवर दुपार झाली होती. हंगाम जोरात, बॉयलरला वाफ चढलेली. पेटता बॉयलर टाकून माणूस हलू शकत नाही, दुसरा येईस्तोवर आग सोडायची नाही, हा त्या कामाचा पहिला धडा. निरोप होता: चार वाजता उचलणार. साडेतीनला बदली माणूस आला आणि उकंडा सायकलवर पाळीनं सुटला. निघताना जिनिंगचं घड्याळ पाहिलं होतं. पोचला तेव्हा चारला दहा कमी असतील. घर रिकामं! तो तसाच काठच्या स्मशानाकडं धावला. सरण पेटलेलं होतं. मायचं तोंड पाहायला मिळालं नाही.

दोनशे माणसांदेखत तो ओरडला, "अजून चार वाजले नाई! वेळेआधीच उरकून टाकलं! थोरला येतो, एवढा धीर नाई धरला? आजपासून मले भाऊ नाई!" प्रफुल्लनं तोंड उघडलं नाही. खाली मान घालून उभा राहिला. त्या खाली मानेचाच उकंडाला जास्त राग आला होता. चोर असल्याशिवाय कुणी अशी मान घालतं का?

तर उज्ज्वला आली ती हातात पिशवी घेऊन. पिशवीत तिच्या वडिलांच्या डायऱ्या होत्या.

"काकाजी," ती निंबाखाली बसत म्हणाली, "एक इचारू? भोंगा वाजवाले टाइम कुठून घेत होता तुम्ही?"

"घड्याळातून. आनखीन कुठून?"

"अन् घड्याळ कशावरून लावत होता?"

उकंडा हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल. "आता काय लपवू मॅडम? आमचं घड्याळ होतं लंगडं. आठवड्यात मागं पडाचं. मंग दर सोमवारी दुपारी पळसोडीचा भोंगा वाजला का उठून काटा लावाचो. त्यायची गिरणी नवी, सरकारी मदतीची. त्यायचं घड्याळ चुकन कायले?"

उज्ज्वलानं पिशवी मांडीवर घेतली. मग हळूच म्हणाली, "काल मी पळसोडीले गेलती. तिकडच्या जुन्या कामगारायले इचारलं. थे म्हणाले, आमी दर सोमवारी सकाळी हिवरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावाचो. इंग्रजाच्या काळचं जिनिंग, तिकडचं घड्याळ चुकन कायले?"

म्हाताऱ्याला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तो निंबाच्या बुंध्याला टेकला.

झालं होतं असं: हा त्याच्यावरून घड्याळ लावणार, तो याच्यावरून. भोंगा ऐकायचा, उठायचं, भिंतीपर्यंत जायचं, काटा लावायचा. त्यात पाच-सात सेकंद जायचे. सोमवारामागून सोमवार ते सेकंद साचत गेले. दोन्ही गावं एकमेकांचा हात धरून, भांडत भांडत, हळूहळू जगाच्या मागं पडत गेली आणि कुणाला पत्ताच नाही! कुणाच्या रेडिओवर बातम्या लवकर लागल्या तर लोक म्हणायचे, दिल्लीचं टाइम वेगळं असते. एसटी निघून गेली तर म्हणायचे, हा ड्रायव्हरच घायकुत्या. एकट्या देवसिंगला सगळं दिसत होतं, कारण स्टँडचं घड्याळ रोज यवतमाळशी फोनवर ताडून लावलं जायचं. त्यानं दोन्ही गावांना सांगून पाहिलं. दोन्ही गावं पोट धरून हसली. एसटीवाला आपल्याला वेळ शिकवतो! मग तो बिचारा चिडून रोज डायरीत लिहायला लागला: आज भोंगा इतकी मिनिटं उशिरा.

उज्ज्वलानं डायरी उघडली. अठ्ठ्याऐंशी साली दोन मिनिटं. एकोणनव्वदला नऊ. नव्वदला सतरा.

"एक्क्याण्णव," उकंडा म्हणाला. "मार्च. एक्क्याण्णवचा मार्च काहाडा."

तिनं पान काढलं. पंचवीस.

पंचवीस मिनिटं. चारला दहा कमी नव्हतेच. सव्वाचार वाजून गेले होते. चारची वेळ ठरवणारे उमरखेडचे पाहुणे होते, त्यांच्या मनगटावर बाहेरच्या जगाची घड्याळं होती. कुणी घाई केली नव्हती. तोच उशिरा पोचला होता, स्वतःच्या मायच्या मातीला. समोर तलाव होता, ऊन होतं, पलीकडं पळसोडीचं धुराडं होतं, आणि सगळं जरा जरा हलत होतं.

"काकाजी, बरं वाटते ना?" तिनं विचारलं. तिला त्या दिवसाचं काही ठाऊक नव्हतं. "एक गोष्ट मात्र मले समजली नाई. हे पाहा, पंचवीसपर्यंत वाढत गेलं. अन् मंग थांबलं. पुढचे अकरा वर्सं, गिरणी बंद पडेपर्यंत, पंचवीस म्हणजे पंचवीस. ना एक कमी, ना एक जास्त. वाढाचं काहून थांबलं असन?"

उकंडानं ते ऐकलं नाही. त्याच्या कानात त्याचाच आवाज घुमत होता, आजपासून मले भाऊ नाई.

शनिवार त्यानं कसा काढला ते त्यालाच माहीत. माफी मागायची हे ठरलं. पण काय तोंडानं? दुपारी डोळा लागला तेव्हा त्याला दिसलं की तलावावरून रुईच्या गाठी तरंगत चालल्यात, एकेका गाठीवर ओळखीचं माणूस बसलंय, आणि सगळी आपली निवांत, कुणालाच कुठं पोचायची घाई नाही. उठला तेव्हा गालावर पाणी होतं. सुनेनं विचारलं तर म्हणाला, डोळ्यात काही गेलं.

रविवारी उजाडताच तो घाटावर गेला. पाळीनं तीन किलोमीटर चालायचं गुडघ्यात त्राण नव्हतं. चंदाबाई डोंगा सोडायच्या बेतात होती. तिनं म्हाताऱ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जागा करून दिली.

"तुमाले तं भाऊ नाई ना?" वल्हं मारता मारता ती म्हणाली.

"गुमान चाल व माय."

पाण्यावर धुकं होतं. हिवरणी मागं गेली आणि दिसेनाशी झाली, पळसोडी अजून दिसायची होती. मधोमध आल्यावर दोन्ही काठ नव्हतेच. वल्ह्याचा आवाज तेवढा होता, आणि कुठून तरी टिटवीचा. उकंडाला वाटलं, इथंच राहावं. इथं कुणाचीच वेळ चालत नाही. इथं मायही जिवंत असेल, परफुलही अजून लहान असेल आणि पोहताना घाबरून गळ्याला मिठी मारत असेल. पण चंदाबाईला मासे विकायचे होते, ती काही थांबली नाही.

प्रफुल्लच्या घरासमोर पांढरी गाडी उभी होती. मागचं दार उघडं, आत गाठोडी, डबे, गुंडाळलेली गादी. त्याची मुलगी शीला कुलूप हातात घेऊन उभी. जावई स्टेअरिंगवर बसून घड्याळ पाहत होता. आणि प्रफुल्ल अंगणात खुर्चीवर, काठी दोन्ही हातांत धरून. किती म्हातारा झाला होता! उकंडाच्या डोळ्यांसमोर तेहतीस वर्षं मान खाली घातलेला एक तरणाबांड माणूस उभा होता. हा कोण पिकल्या केसांचा?

शीलानं ओळखलं. "अव माय! मोठे बाबा?"

उकंडा सरळ चालत जाऊन खुर्चीसमोर उभा राहिला. ठरवलेलं सगळं विसरला. "परफुल," तो म्हणाला, "आपले दोन्ही भोंगे चुकत होते रे. तू माह्यावरून लावे, मी तुह्यावरून. त्या दिवशी तू नाई घाई केली. मीच उशिरा आलतो. पंचवीस मिनिटं. मले परवा समजलं."

प्रफुल्लनं वर पाहिलं. "मले तवाच समजलं होतं, दादा."

"काय?"

"तू ओरडला ना, अजून चार वाजले नाई म्हणून? तवा मी पाहुण्याच्या मनगटाकडं पाह्यलं. सव्वाचार होऊन गेले होते. तिथंच समजलं." तो थांबून थांबून बोलत होता. "दुसऱ्या हप्त्यात मी हातघड्याळ घेतलं. त्याच्यावर पाहून बरोबर पंचवीस मिनिटं उशिरा भोंगा वाजवाचो. रोज. वाढू नाई देलं."

उकंडाला उज्ज्वलाचा प्रश्न आता कुठं ऐकू आला. वाढायचं थांबलं नव्हतं, थांबवलं होतं. अकरा वर्षं एक माणूस रोज दुपारी बारा पंचवीसला बारा वाजवत होता.

"अरे पण बरोबर काहून नाई केलं? तुह्या हातात होतं!"

"बरोबर केलं असतं तं एकदम पंचवीस मिनिटाचा फरक पडला असता. दोन्ही गावात बोभाटा झाला असता. मंग तुले समजलं असतं." प्रफुल्लनं काठीची मूठ घट्ट धरली. "मायच्या दिवशी तूच उशिरा आला, हे तुले समजलं असतं. थे तुले सहन झालं नसतं दादा. तुहा सभाव मले माहीत नाई काय? त्यापरीस म्हटलं, मीच वाईट बरा. भावावर राग धरून माणूस जगते. सोतावर धरला तं नाई जगत."

शीलानं पदर तोंडाला लावला. उकंडाला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही, कशाला आवरायचं? शहात्तर वर्षांचा बाप्या लहान पोरासारखा हुंदके देत उभा होता. "म्या तुले भाऊ नाई म्हणलं रे," तो म्हणत होता, "तेहतीस वर्सं म्हणलं. अन् तू..." पुढचं त्याला काही सुधरेना. प्रफुल्ल काठी टेकत उठला आणि त्यानं थोरल्या भावाच्या पाठीवर हात ठेवला.

जावयानं दोनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा शीलानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हात खालीच ठेवला. तरी निघायला हवंच होतं. लांबचा पल्ला, वाशीमच्या पुढं रस्ता खराब.

"चाल," उकंडा डोळे पुसत म्हणाला, "पुसदपर्यंत येतो तुह्यासंग. तिथून एसटीनं वापस येईन."

पायात चप्पल, अंगात घरचा सदरा, खिशात तंबाखूची पुडी. तसाच गाडीत बसला. गादी आणि गाठोडी सरकवून शीलानं दोघांना मागं शेजारी शेजारी बसवलं. गाडी पाळीवर आली तेव्हा धुकं फाटत होतं. उजव्या हाताला तलाव, पलीकडं हिवरणी, अलीकडं पळसोडी, दोन्ही सारखीच लहान लहान होत गेली. बोलायला तेहतीस वर्षांचं साचलं होतं, सुरुवात कुठून करायची हेच दोघांना कळेना. थोड्या वेळानं प्रफुल्लनं नुसतं विचारलं, "गुडघे दुखतात का?" उकंडा म्हणाला, "दुखतात." "माहेबी," प्रफुल्ल म्हणाला. मग उकंडाची मान हळूहळू मागं टेकली.

तासाभरानं शीला पुढच्या सीटवरून वळली. "बाबा, पुसद आलं. मोठे बाबाले उतराचं हाय ना? स्टँडवर घेऊ?"

प्रफुल्लनं शेजारी पाहिलं. भावाचे डोळे मिटलेले होते, तोंड किंचित उघडं.

"झोपला थो," प्रफुल्ल हळूच म्हणाला. "जाऊ दे गाडी."

उकंडा काही झोपला नव्हता. त्यानं सगळं ऐकलं, पण डोळे उघडले नाहीत. गाडी स्टँडवरून पुढं गेली.